लाल बाटली आणि मामंजींची चिठ्ठी

परवा माझ्या धाकट्या सुनेनं लेकराला खोकल्याचं औषध पाजलं. आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, मग टोपणात रेघेपर्यंत ओतलं, उजेडाकडं धरून पुन्हा पाहिलं आणि मगच लेकराच्या तोंडाला लावलं. मी बाजेवर बसून बघत होते. ती म्हणाली, "आई, तुमच्या टायमाला कसं मोजून द्यायचे?" मी म्हटलं, "बोटानं." ती खळखळून हसली. म्हातारी नेहमीप्रमाणं चेष्टा करायलीय, असं तिला वाटलं.

दोष तिचा नाही. जिंदगीभर मी एवढ्या चेष्टा केल्यात की आता खरं बोलले तरी लोक हसतात. म्हणून हे कागदावर लिहून ठेवते.

मी तेव्हा विशीतली होते. सातवी पास. चुडाव्याच्या स्टेशनापासून पायी अर्ध्या घंट्यावर आमचं गाव, आणि त्या गावात सातवी शिकलेली सून मी एकटी. त्याचा मला एवढा ताठा होता की रेशनच्या दुकानावरची पाटीसुद्धा मी मोठ्यानं वाचायची. कुणी विचारलेलं नसताना. ती पोरगी आज समोर आली तर मी तिला आधी पोटभर हसेन आणि मग एक ठेवून देईन.

पहिली लेक झाली तेव्हा माहेरी मला खोकला झाला होता. तिथल्या डॉक्टरनं लाल औषधाची बाटली दिली. गोड, घट्ट, घशातून उतरताना जरा जळजळ करणारं. दोन चमचे घेतले की खोकला थांबायचा. पण खोकल्याचं सोडा, बाकीचंही सगळं थांबायचं. कंबर दुखायची थांबायची, डोक्यातली कुरकुर थांबायची. असं वाटायचं की कुणीतरी आपल्या अंगावरचं ओझं उचलून बाजूला ठेवलंय आणि म्हणतंय, राहू दे आता, नंतर बघू.

सासरी आले. सासर म्हणजे बारा माणसांचं, चार बैलांचं. पहाटे उठायचं, भाकरी थापायच्या, शेण, पाणी, कापूस वेचायला जायचं, आणि मधेमधे लेकराला पाजायचं. माहेरची बाटली संपली. मग मी शहाणीनं काय करावं? मामंजी म्हणजे माझे सासरे दर बाजारी पूर्णेला जायचे. मी पदर सावरून म्हटलं, "मामंजी, लेकीला खोकला हाय. ती लाल बाटली तेवढी आणा."

त्यांनी आणली. पुढच्या बाजारी पुन्हा आणली. त्याच्या पुढच्याही.

लेकीला खोकला नव्हता. बाटली माझ्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली असायची. दुपारी सगळे रानात गेले की दोन चमचे. पुढं चमचा काढायचा कंटाळा आला, मग बाटलीच तोंडाला. आपण नशा करायलोय असं एक क्षणही वाटलं नाही. नशा म्हणजे ताडी, दारू, पारावर पडलेले गडी. औषध कसं नशा होईल? ते तर दवाखान्यातून येतं. सातवी पास ना मी!

मग लागोपाठ दोन बाजारी मामंजी रिकाम्या हातानं आले. "दुकानात संपली," एवढंच म्हणाले. माझी नुसती तडफड झाली. कारण नसताना सासूबाईंवर डाफरायला लागले. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी बाळंतपणात लय खंगली हो." माझी दया करायच्या बिचाऱ्या.

आणि मग लेकीला खरंच खोकला झाला.

थंडीचे दिवस, कापसाचे. लेक आठ महिन्यांची. खोकून खोकून लाल व्हायची, दूध वर यायचं. आत्याबाईंनी ओव्याचा शेक दिला, छातीला तेल चोळलं. डॉक्टरचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "सुई टोचतो मेला. कामून न्यायचं एवढ्याशा जीवाला?" मलाही ते बरंच होतं. मला डॉक्टर नको होता, मला बाटली हवी होती. एक लेकीसाठी. आणि हे लिहिताना हात अडतोय, पण लिहिते: एक माझ्यासाठी.

घरात बाई जाणार नाही तर कोण जाणार, अशी वेळ होती. मालक कापूस घेऊन मोंढ्यात गेलेले. तिथं गाड्यांची रांग, दोन दोन दिवस नंबर लागायचा नाही. मामंजींच्या पायावर बैलानं पाय दिलेला, हळदीचं फडकं बांधून ते ओसरीवर बसलेले. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवसांत एसटीचा भरवसा नव्हता, कधी चालू कधी बंद. पण रेल्वे होती. शेजारची जाऊ बाजाराला निघाली होती, तिच्याबरोबर मी सकाळच्या पॅसेंजरनं पूर्णेला गेले.

मेडिकलवाला मला ओळखत नव्हता. मी ऐटीत म्हटलं, "खोकल्याची लाल बाटली द्या. दोन."

"कुणाला पाहिजे?"

"लेकराला."

"केवढं हाय लेकरू?"

"आठ महिन्यांचं."

तो हातातलं काम सोडून माझ्याकडं बघायला लागला. "आठ महिन्यांच्या लेकराला दोन बाटल्या? बाई, लेकरू हाय का पैलवान?" दुकानातले लोक हसले. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तसं देता येत न्हाई आता. पोरं नशेला प्यायलेत हे. वरून साहेब येऊन तंबी देऊन गेला. चिठ्ठी आणा, मग देतो."

"कुणाची चिठ्ठी?"

"साहेबाची आणा की कुणाचीतरी! चिठ्ठीबिगर न्हाई."

त्याच्या मनातला साहेब म्हणजे डॉक्टर. दुनियेला ते कळलं असतं. पण आमच्याकडं चिठ्ठी म्हणजे काय? लग्नाला जादा साखर पाहिजे, आणा चिठ्ठी. सिमेंट पाहिजे, आणा चिठ्ठी. आणि ती चिठ्ठी द्यायची कुणी? गावच्या पोलीस पाटलानं. आणि पोलीस पाटील कोण? आमचे मामंजी! मला हसूच आलं. म्हटलं, एवढंच ना? उद्या आणते.

रिकाम्या हातानं घरी आले तर लेक मलूल होऊन पडलेली. ट्रंकेतून रिकामी बाटली काढली. बुडाला लाल डाग होता. त्यात चार थेंब पाणी घालून हलवलं आणि ते पाणी बोटानं लेकीच्या जिभेला लावलं. तिनं मिटक्या मारल्या. खोकला जरा थांबला. मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हते?

संध्याकाळी मामंजींना सगळं सांगितलं. म्हणजे दोन बाटल्यांचं सोडून सगळं. "मेडिकलवाला चिठ्ठी मागायलाय, मामंजी."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग कागद मागितला. मामंजी निजामाच्या राज्यात शिकलेले. शाळा उर्दूतली. मराठी वाचायचे, पण लिहायचं म्हटलं की हात आपोआप उजवीकडून डावीकडं चालायचा. त्यांनी गुडघ्यावर पाट ठेवून चार ओळी लिहिल्या, घडी घातली आणि म्हणाले, "ही दवाखान्यात द्या. म्हाताऱ्या डॉक्टरला. माझी वळख हाय. लेकराला संगं न्या, त्यास्नी बी न्या." त्यास्नी म्हणजे आत्याबाईंना. "दुकानात दाखवू नका."

मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाला काही कळत नाही. चिठ्ठी मेडिकलवाल्यानं मागितली आणि हे म्हणतात दवाखान्यात द्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नीट उठेना. डोळे उघडायची आणि मिटायची. मी पुन्हा बाटलीत पाणी घालून बोट चाटवलं. मग आत्याबाई, मी आणि पदरात लेक, असे आम्ही पॅसेंजरनं निघालो. गाडीत ती खोकली नाही, रडलीही नाही. आत्याबाई म्हणाल्या, "गुणाची हाय बाई." मीही म्हटलं, "हाय."

पूर्णेला दवाखान्याच्या ओट्यावर आत्याबाईंना लेक मांडीवर देऊन बसवलं. "तुमी नंबर धरा आत्याबाई, मी आलेच," म्हणून मी पळत मेडिकलला. चिठ्ठी काउंटरवर आपटली म्हटलं तरी चालेल.

मेडिकलवाल्यानं ती उघडली, उलटी केली, सुलटी केली. "बाई, हे काय? ह्यो मोर नाचलाय का काय कागदावर?"

"पोलीस पाटलाची चिठ्ठी हाय! वाचता येत न्हाई का?"

येत नव्हती. मलाही येत नव्हती, पण ते मी बोलले नाही. बाजूच्या टपरीत एक म्हातारे चाचा घड्याळं दुरुस्त करत बसायचे. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी त्यांच्याकडं दिली. चाचांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, चष्मा लावला, चिठ्ठी वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा लावून पुन्हा वाचली. मेडिकलवाला म्हणाला, "काय लिहिलंय चाचा?"

"इसके लिए नहीं है ये," चाचा त्याला म्हणाले. चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "बेटी, ये डॉक्टरसाब कू देना. और किसी कू नक्को बताना. जा. जल्दी जा."

कुणाला दाखवू नको! एवढ्या गुप्त कागदाला मी काय समजले असेन? मला वाटलं, मामंजींनी अशी जबरदस्त शिफारस केलीय की चाचाला धडकीच भरली. मग मी काय केलं? दवाखान्याच्या ओट्यावर जेवढ्या बाया बसल्या होत्या त्या सगळ्यांना ती चिठ्ठी लांबून दाखवली. "आमच्या मामंजींची हाय. पोलीस पाटील हायत ते. उर्दूत लिहितात." एका बाईनं विचारलं, "काय लिहिलंय वं त्याच्यात?" मी म्हटलं, "लय मोठं लिहिलंय."

नंबर लागला. डॉक्टर हैद्राबादला शिकलेले, पांढऱ्या भुवयांचे. मी लेक टेबलावर ठेवायच्या आधी चिठ्ठी पुढं केली. आणि वर म्हटलं (आत्ताही कानशिलं तापायलीत), "मोठ्यानं वाचा की, डॉक्टरसाहेब. आत्याबाईंना बी कळू द्या."

डॉक्टरांनी मनातल्या मनात वाचली. "मोठ्यानं?" त्यांनी विचारलं.

"हां."

ते आत्याबाईंकडं वळले. "आजी, लेकराला घेऊन बाहेर जा. कंपाउंडरला म्हणावं वजन करा. आणि दोन मिनिटं तिथंच बसा."

आत्याबाई गेल्या. दार लोटलं. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात धरून मराठीत सांगायला सुरुवात केली, सावकाश, शब्दाला शब्द लावत. मला ती पाठ आहे.

"डॉक्टरसाहेब, आदाब. नातीला खोकला आहे. आमच्या घरात खोकल्याची लाल दवा येत होती, मीच आणत होतो. ती नातीच्या पोटात जात नव्हती. सून पीत होती. मला उशिरा कळलं. पोरगी वाईट नाही, थकलेली आहे. दोघींना तपासा. तिला रागावू नका. घरात कुणाला माहीत नाही, माहीत होऊ नये."

पायाखाली फरशी होती. काळी, चौकोनी. तिच्या एका कोपऱ्यात तडा गेलेला होता. तो तडा मला अजून दिसतो. ओट्यावरच्या बाया आठवल्या. मी त्यांच्यासमोर नाचवलेला कागद आठवला. चाचाचा उतरलेला चष्मा आठवला. त्या क्षणी मला लेक आठवली नाही. खरं सांगायचं तर हीच माझी मोठी लाज आहे. आधी आठवली ती माझी अब्रू.

डॉक्टरांनी विचारलं, "लेकराला दिलं का त्यातलं?"

मी 'न्हाई' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. सोपं होतं. चिठ्ठीतसुद्धा लिहिलंच होतं की नातीच्या पोटात गेलं नाही. सासऱ्यानं स्वतःच्या अक्षरात मला निर्दोष करून ठेवलं होतं. पण बाहेरून काही आवाज येईना. वजन करताना कुठलंही लेकरू रडतं. कंपाउंडरच्या थंड तराजूवर माझी लेक रडत नव्हती.

"दिलं," मी म्हणाले. "काल आणि आज. बाटली धुवून, बोटानं."

"बोटभरच का?"

"बाटली रिकामी होती."

"भरलेली असती तर?"

"चमचाभर दिलं असतं."

ते उठलेच. दार उघडून लेकीला आत घेतलं, डोळ्यांच्या पापण्या वर करून बॅटरी मारली, छातीवर नळी ठेवून बराच वेळ तसेच वाकून राहिले. तळपायाला टिचकी मारली. तेव्हा कुठं ती किंचाळली. आयुष्यात तेवढं गोड मी काही ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, "ही आज संध्याकाळपर्यंत इथंच राहील. झोपू द्यायचं नाही. तळपाय चोळत बसायचं." मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "एवढ्याशा लेकराला हे औषध द्यायचं नसतं, पोरी. झोपेत श्वास विसरतात. बरं केलंस बोललीस. नाहीतर मी नुसता खोकल्याचाच इलाज करत बसलो असतो."

दिवसभर मी आणि आत्याबाई आळीपाळीनं तळपाय चोळत बसलो. दुपारी लेकीनं दूध ओढलं. चार वाजता ती चांगली चिडून रडायला लागली. कंपाउंडर म्हणाला, "झालं, आता ही ओरडून दवाखाना डोक्यावर घेती." खोकल्याचं वेगळं, पांढरं औषध दिलं, थेंबाथेंबानं मोजायचं. निघताना आत्याबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "ती लाल बाटली आणायची का?" डॉक्टर म्हणाले, "बिलकुल नाही. घरात ठेवायचीसुद्धा नाही. ते औषध लेकराच्या जिवावर उठतं."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्या पोरीनं मग बरं केलं. एवढ्या बाटल्या आल्या घरात, ओतून दिल्या असतील, पण लेकराला चमचाभर बी दिलं न्हाई हिनं. लेकरू बेहोश झालं न्हाई कवा. सातवी शिकलेली हाय आमची सून!"

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ते हसू आवरत होते का राग, मला कळलं नाही. त्यांनी एका कागदावर उर्दूत दोन ओळी लिहिल्या. "पाटलांना द्या."

आयुष्यात तेवढाच एक रस्ता मी खाली मान घालून चालले. मेडिकलसमोरून गेलो तेव्हा चाचा घड्याळात मान घालून बसलेले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला बघितलंच नाही, असं दाखवलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मामंजींनी नातीला मांडीवर घेतलं. तिनं त्यांची मिशी ओढली. मग मला म्हणाले, "चिठ्ठी दिली?"

"दिली."

"दुकानात दाखवली न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. बघा! एवढं सगळं होऊनही. एवढी निर्लज्ज.

मामंजींनी डॉक्टरांची चिठ्ठी उघडली, कंदिलाजवळ धरली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं मराठीत सांगितलं, "डॉक्टर लिहितात, नात ठीक हाय. आठ दिवसांनी पुन्हा दाखवा. आणि सूनबाई लय अशक्त हाय. तिला रोज दुपारी दोन घंटे झोपू द्यावं, तेवढा वेळ लेकरू आजीनं सांभाळावं. रानात कापसाला महिनाभर पाठवू नये."

आत्याबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलं म्हणल्यावर काय." आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी लेक आत्याबाईंच्या मांडीवर आणि मी बाजेवर. पहिले काही दिवस झोप येईना. अंग कापायचं, घाम यायचा, जीभ कोरडी पडायची. ट्रंकेतलं लुगडं दहादा उलगडायचे, बाटली नाही हे माहीत असून. मग हळूहळू नुसती झोप यायला लागली, कशाचीही गरज न लागता. एकदा मी झोपलेली असताना जावेनं ओरडून काही मागितलं, तर मामंजी ओसरीवरून म्हणाले, "गप. डॉक्टरनं सांगितलंय." महिना संपला, पुढचाही संपला. दुपारची झोप तशीच राहिली. कुणी विचारलंच तर आत्याबाई सांगायच्या, डॉक्टरनं लिहून दिलंय.

गावात माझं नाव झालं. कुणाच्या लेकराला काही झालं की बाया विचारायला यायच्या, "तुमी काय दिलं नव्हतं ते सांगा." मी सांगायची, ऐटीनं नाही, पण सांगायची. एकीलाही म्हटलं नाही की बाटली रिकामी होती म्हणून लेक वाचली, आणि ती रिकामी मी केली होती. बोटाचंही कुणाला सांगितलं नाही.

मामंजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांची ट्रंक उघडली तेव्हा जुन्या पट्ट्यांच्या, सातबाऱ्यांच्या कागदांत डॉक्टरांची ती चिठ्ठी निघाली. पूर्णेतल्या उर्दू शाळेतली एक मास्तरीण माझ्या थोरल्या सुनेच्या ओळखीची. मी तिच्याकडं घेऊन गेले. म्हटलं, वाच गं जरा, काय लिहिलंय.

तिनं वाचलं. "आजी, यात एवढंच लिहिलंय: नात ठीक आहे. सून खरं बोलली. आठ दिवसांनी आणा."

"आणि झोपेचं? दुपारी झोपू द्यावं, असं न्हाई का कुठं?"

तिनं कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "नाही आजी. झोपेचं कुठंच नाही."

मी कागद परत घेतला. ती विचारायला लागली, कुणाची झोप, कसली झोप. मी म्हटलं, काही नाही गं, म्हातारीची चेष्टा. आणि तीही हसली.